मिरजेच्या चाचांना, जवारीबद्दल

चाचा, सलाम.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. तसंही मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या सतारमेकर गल्लीत ‘चाचा’ अशी हाक मारली तर सात-आठ जण मागं वळतील.

शनिवारी सांगलीत विश्रामबागेतल्या त्या छोट्या कॉफीहाउसमध्ये मी पहिल्यांदाच एकटीनं तासभर वाजवलं. तेव्हापासून ओळखीचे-अनोळखी लोक कळवतायत, ‘सतारीचा आवाज काय गोड होता!’ आवाज, बरं का. वादन छान झालं असं फक्त आईनं सांगितलं. तर हा निरोप ज्याचा आहे त्याला, म्हणजे सतारीचा आवाज लावून देणाऱ्या तुम्हाला पोचवावा, आणि चारचौघांत पोचवावा, म्हणून हे पत्र.

आधी माझा गुन्हा. बाजाची तार, म्हणजे सतारीची मुख्य तार, महिनाभर खरखरत होती. तुमच्याकडं यायचा कंटाळा केला, मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला आणि शुक्रवारी रात्री घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या हाडाच्या पट्टीवर, स्वतःच पॉलिश पेपर फिरवला. सकाळी वाजवून बघते तर मध्यमावर डास अडकल्यासारखा आवाज. कार्यक्रम संध्याकाळी सातला. सतार मांडीवर घेऊन सांगली-मिरज बसमध्ये बसले तेव्हा मनात एकच होतं, चाचा ओरडणार.

तुम्ही ओरडला नाहीत. घोडीवर नख फिरवलंत, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलंत आणि विचारलंत, “पेपर कितीचा होता?” त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं.

मग तारा उतरवल्या. वाचणाऱ्यांसाठी सांगते, घोडीचा माथा सपाट दिसला तरी त्याला केसाएवढा उतार असतो. तार त्या उतारावर घासत थरथरते, त्यातून सतारीचा झणकार निघतो. तीच जवारी. वाजवून वाजवून तारा हाडात चर पाडतात, मग माथा पुन्हा घासावा लागतो. घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, उतरवायची, परत घासायचं. हे मी ऐकून होते. पण तुम्ही कानस हातात घेण्याआधी जे विचारलंत ते मला कुणी कधी विचारलं नव्हतं.

“कुठं वाजवणार?”

मी खोली सांगितली. वीस-बावीस खुर्च्या, खाली फरशी, एका बाजूला काच, माइक अगदी जवळ, शिवाय कॉफीचं मशीन. तुम्ही म्हणालात, मिरजेच्या दर्ग्यातल्या चिंचेखाली वाजवायचं असतं तर जवारी खुली, म्हणजे जास्त झणकाराची ठेवली असती, तिथं आवाज मोकळा सुटतो. इथं काच आणि माइक दोन्ही झणझण वाढवणार, म्हणून थोडी बंद लावू. मी वर्षानुवर्षं सतार वाजवते, पण जवारी खोली बघून लावतात हे त्या दुपारी कळलं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या स्मृतीतल्या संगीतसभेला दरवर्षी त्या चिंचेखाली बसून मी नेमकं काय ऐकत होते, देव जाणे.

अडीच तास गेले. मधे एकदा तुम्ही रस्त्यावरची रिक्षा पुढं जाईपर्यंत हात थांबवलात. मी भोपळ्यांच्या मागं लटकलेलं कात्रण वाचत बसले, 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हाचं. मी अभिनंदन केलं तर म्हणालात, “शिक्का चांगलाय. पण आधी तार धर, खरज बघू.”

पैसे फक्त नव्या तारेचे घेतलेत. मजुरीचं विचारलं तर म्हणालात, आधी वाजव.

आणि मग तुम्ही आलात! हे मला अपेक्षित नव्हतं. पांढरी टोपी, दारापाशी उभे, हातात मेनू. चहा नाही म्हटल्यावर तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला, आणि कॉफीचा भाव वाचल्यावर तर आणखी. मी मंचावर, म्हणजे दोन पाटांवर सतरंजी टाकून बसले होते, बरोबर एसीच्या खाली. तुम्ही सरळ पुढं आलात, मला उठवलंत आणि पाट भिंतीकडं सरकवलेत. “गार वाऱ्यात तारा चढतील, सगळा वेळ खुंट्या पिळत बसशील.” मग मशीनवरच्या मुलाकडं गेलात. त्याला काय सांगितलंत ते मला ऐकू आलं नाही, पण यमनचा आलाप संपेपर्यंत मशीनचा फुसकारा एकदाही आला नाही. तीन जण कॉफीची वाट बघत गप्प उभे होते. त्या मुलाचेही आभार, आणि त्या तिघांचेही.

मंद्र निषादावर मी जरा जास्तच थांबले, तेव्हा तरफा, म्हणजे खालच्या न छेडता गुंजणाऱ्या तारा, आपोआप बोलायला लागल्या. त्या वेळी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही माझ्याकडं बघतच नव्हता. मान तिरकी करून घोडीकडं बघत होता.

गत, म्हणजे तालातली रचना, द्रुतमध्ये गेल्यावर दोनदा सम चुकले, ते तुम्हाला कळलं असणारच. त्याबद्दल बोलू नका.

टाळ्या वाजल्या तेव्हा तुम्ही शेवटची बस गाठायला निघून गेला होता. तिथंच उठून तुमच्याकडं बोट दाखवायचं राहून गेलं, ते हे इथं.

मंगळवारी बँक सुटल्यावर येते. तंबोऱ्याची घोडीही दाखवायची आहे. शनिवारची मजुरी घ्यायचीच, नाहीतर तंबोरा दुसऱ्या दुकानात नेईन, असं नुसतं म्हणते. आणि घरातला उरलेला पॉलिश पेपर सोबत आणते, तो तुमच्याच गल्ल्यात ठेवा.

तुमची,
पॉलिश पेपरवाली