बाबा, अर्जाचा मसुदा दुरुस्त केला नाही, त्याबद्दल

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

रहिवासी संघातर्फे पोलीस ठाण्यात द्यायच्या अर्जाचा मसुदा तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलात आणि ‘जरा शुद्धलेखन बघून दे’ म्हणालात. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाच्या लिखाणात मी काय चुका काढणार? पण तो अर्ज तसाच परत पाठवायला मन होईना. फोनवर बोलले असते तर आधी तुमचा आवाज चढला असता, मग माझा, आणि आईने फोन काढून घेऊन ‘जेवली का’ विचारलं असतं. म्हणून लिहिते.

अर्जात तुम्ही म्हणता, नळाला पाणी येत नाही, नागपूरच्या बेसा-मानेवाड्याकडे गर्दी मावत नाही, देशाची लोकसंख्या हाताबाहेर गेली आहे. तरी बाजूच्या बांधकामावरच्या बंगाली बोलणाऱ्या मजुरांची आधार कार्डं तपासून त्यांना हाकलावं. बाबा, शेवटची मागणी आधीच्या तिन्ही तक्रारींतून निघत नाही.

पाण्याचं बघा. २०१९ च्या जुलैत नागपूरला दिवसाआड पाणी आलं, तेव्हा तुम्हीच सगळ्या गल्लीला समजावत होतात की पाऊस ओढ देऊन बसला आणि पेंच नदीचं पाणी वर चौराईच्या धरणात अडलं, म्हणून आपल्याला पाणी देणारा तोतलाडोह जलाशय कोरडा पडला. चौराई छिंदवाडा जिल्ह्यात. म्हणजे पाणी अडवणारे कोणी असतीलच तर ते आईच्या माहेरचे! (आई, हसू नको.)

गर्दीचंही तेच. बेसा रोडला फ्लॅट घेणारे वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदियाचे. शेती परवडेना, पोरांना क्लास लावायचे, म्हातारपणी दवाखाना जवळ हवा, म्हणून आले. तुम्ही स्वतः काटोलहून आलात. आपला प्लॉटही त्या १९०० अनधिकृत लेआऊटमधलाच ना? गुंठेवारी कायद्याखाली आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, हातात पडेपर्यंत कागदोपत्री आपण अनधिकृतच होतो, आणि त्या काळात कोणी आपल्याला ‘उठा’ म्हटलं असतं तर तुम्ही ऐकून घेतलं नसतं.

आता लोकसंख्या. २०२३ मध्ये आपण चीनला मागे टाकलं हे खरं. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एका बाईमागे सरासरी मुलं देशात २.०, महाराष्ट्रात १.७. लोकसंख्या आहे तिथे टिकायला २.१ लागतात. मुसलमानांचा आकडा १९९२-९३ मध्ये ४.४ होता, तो २.३६ वर आला. अजून हिंदूंपेक्षा जास्त आहे, पण उतरला आहे झपाट्याने. आज संख्या वाढते ती मागच्या पिढ्यांत जन्मलेली माणसं तरुण आहेत म्हणून. तुमच्या रेशीमबागेतच २०२२ च्या दसऱ्याला सरसंघचालकांनी लोकसंख्या धोरण हवं म्हटलं होतं, आणि २०२४ च्या डिसेंबरात नागपुरातच ‘किमान तीन मुलं हवीत’ असंही तेच म्हणाले. दोन्ही भाषणं तुम्ही मला पाठवलीत. दुसऱ्या भाषणाखाली आईने जो नमस्काराचा हात टाकला होता, त्याचा रोख मला कळला. एका नातीवरच भागवा.

यावर तुम्ही म्हणाल, मग घुसखोर नाहीतच का? आहेत. बांगलादेशाशी आपली सीमा ४,०९६ किलोमीटरची. नद्या, चर, भातशेतं. त्रिपुरात आदिवासी आपल्याच राज्यात एक तृतीयांशाच्या आत आले, ते पूर्व बंगालातून लोंढे आले म्हणूनच. आसामी माणसाला आपली भाषा, आपली जमीन जाईल असं वाटतं, त्याला मी खुळा म्हणणार नाही. सहा वर्षं आंदोलन करून त्यांनी १९८५ चा आसाम करार मिळवला. सरकारने २००४ मध्ये संसदेत १.२ कोटी बांगलादेशी सांगितले, २०१६ मध्ये २ कोटी. मोजले मात्र कोणीच नव्हते. मोजायला गेल्यावर काय होतं ते मी गुवाहाटीच्या पोस्टिंगमध्ये पाहिलं.

एनआरसीच्या, म्हणजे आसामातल्या नागरिक नोंदवहीच्या, त्या दिवसांत आमच्या बँकेच्या शाखेत लोक वाळवी लागलेली पासबुकं घेऊन यायचे. २४ मार्च १९७१ च्या आधीचा कागद हवा, बापाचा नाहीतर आजोबाचा, आणि वर आपण त्यांचेच आहोत याचा दुसरा कागद. पुरुष कसेबसे जुळवायचे. बायकांचं अवघड. शाळेत गेलेल्या नाहीत, जन्माची नोंद नाही, मतदारयादीत नाव आलं तेच मुळी नवऱ्याच्या नावापुढे. बापाशी नातं दाखवायला उरायचा एक पंचायत सचिवाचा दाखला, आणि तो ग्राह्य धरायचा की नाही यावर खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. ३१ ऑगस्ट २०१९ ला यादी लागली तेव्हा ३ कोटी ३० लाख अर्जदारांपैकी १९ लाखांहून जास्त बाहेर राहिले. त्यांत हिंदू बंगालीही भरपूर होते. हजार कोटींवर खर्च झाला आणि ज्यांना ती यादी हवी होती त्यांनीच ती मानली नाही.

तेव्हापासून आईचे कागद माझ्या डोक्यात आहेत. आई, तुझा जन्म छिंदवाड्याचा, १९५४ चा, तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. दाखल्यावर तू कुसुम, लग्नात झालीस वैशाली. जन्मतारीख १ जून. बाबा, पहिलीत नाव घालताना तुम्हीच किती पोरांच्या तारखा १ जून टाकल्यात ते आठवा! परदेशी नसल्याचं सिद्ध करायची जबाबदारी कायद्याने ज्याच्यावर संशय त्याच्यावरच आहे. १९४६ च्या कायद्यात होती, २०२५ च्या नव्या कायद्यातही आहे. तुम्ही मागता ते आधार तर नागरिकत्वाचा पुरावाच नव्हे. खऱ्या घुसखोराकडे ते बहुधा आपल्यापेक्षा चकचकीत असेल.

आणि बंगाली बोलतो म्हणजे बांगलादेशी? मालदा-मुर्शिदाबादचे गवंडी देशभर आहेत. गडचिरोलीत मुलचेरा-चामोर्शीकडे सरकारनेच वसवलेली बंगाली गावं आहेत. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईजवळून उचललेले मुर्शिदाबादचे मजूर सीमेपार ढकलले आणि भारतीय निघाल्यावर परत आणावे लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेने १०४ भारतीय लष्करी विमानाने अमृतसरला आणून सोडले, त्यात आपल्या नागपूरचाही एक होता. परत पाठवायचा त्यांना हक्क आहे, पण बेड्या कशाला, असं तुम्हीच म्हणाला होतात. मला ते पटलं होतं.

म्हणून मी दोन अर्ज करून पाठवते आहे. एक महापालिकेला, फक्त पाण्याचा. दुसरा पोलिसांना: वस्तीतल्या सगळ्याच भाडेकरूंची आणि कंत्राटदारांच्या मजुरांची नेहमीची पडताळणी करावी, भाषा न बघता. त्यात आपल्या वरच्या मजल्यावरचे इंजिनिअरिंगची पोरंही आली, ज्यांचा करार तुम्ही अजून नोंदवलेला नाही. रहिवासी संघाच्या लोकांना हा अर्ज मवाळ वाटेल, वाटू द्या. सचिव तुम्ही आहात, सही तुमची लागणार.

दिवाळीत आले की आईच्या नावबदलाचं राजपत्राचं काम उरकून टाकू. तोवर तो छिंदवाड्याचा दाखला लॅमिनेट करू नका, खराब होतो. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा.

तुमची,
लेक