टाकीसोबत आलेली वही

ति. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, समुद्री मासे आणि प्रवाळ ठेवायला जुनी टाकी घेते आहे असं मागे फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "एवढी मोठी, त्यातून वापरलेली? गळली तर?" आणि मी "नंतर बोलते" म्हणून फोन ठेवून दिला. राग मानू नका. तेव्हा माझा उजवा हात कोपरापर्यंत खाऱ्या पाण्यात होता आणि हाताखाली एक समुद्रफूल होतं (दिसतं फुलासारखं, पण दगडाला चिकटून राहणारा प्राणी आहे), ते काही केल्या दगड सोडायला तयार नव्हतं. शिवाय तुमच्या एका प्रश्नाला उत्तर दिलं की त्याला तीन उपप्रश्न फुटतात. म्हणून सगळं लिहूनच कळवते.

आधी आईसाठी: मासे सगळे सुखरूप आहेत. एक कोळंबी मात्र चार दिवस दिसलेली नाही. खडकात कुठेतरी दडली असेल असं मी घरात सगळ्यांना सांगते आहे.

आता हिशोब. आमची आधीची टाकी तीन फुटी, १८० लिटरची. ही सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. काठोकाठ भरली तर साडेसहाशे लिटरच्या आसपास. काच १२ मिलिमीटरची, म्हणजे नुसती रिकामी टाकीच १२० किलोच्या घरात. सहा जणांनी उचलली आणि सहाही जण एकमेकांना सूचना देत होते. पाणी, खडक, स्टँड आणि स्टँडच्या पोटातली संपची टाकी (वरच्या टाकीतलं पाणी हिच्यात उतरतं आणि पंपाने परत वर चढतं) धरली की वजन टनाला टेकतं. आम्ही तळमजल्यावर, म्हणून हे धाडस. वरच्या मजल्यावर असतो तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक बादलीही भरली नसती.

मोठी कशाला, तर थोडं पाणी पटकन बिघडतं. लहान टाकीत एखादी गोगलगाय कोपऱ्यात मरून पडली तरी संध्याकाळपर्यंत अमोनिया वर गेलेला असतो. प्रवाळांना बदल सोसत नाही. २५-२६ अंश तापमान, लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ, आज जे तेच उद्या. पाणी भरपूर असलं की चूक सावकाश पसरते आणि मला ऑफिसातून घरी पोचायला वेळ मिळतो. चुका मी करते हे तुम्हाला काही नवीन नाही.

आणि जुनीच का? याचं खरं कारण एक वही आहे.

टाकी ज्यांची होती ते काका तुमच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे असतील. मी बघायला गेले तेव्हा माझ्या मनात विचारायच्या गोष्टींची यादी तयार होती. पहिलाच प्रश्न: टाकीत कधी तांब्याचं औषध घातलं होतं का? माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले की ते औषध देतात. मासा बरा होतो, पण कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ यांना तांबं म्हणजे विष. खडक ते शोषून घेतात आणि पुढे कितीतरी दिवस पाण्यात सोडत राहतात. विकणारे बहुतेक जण यावर "नाही हो, कधीच नाही" म्हणतात आणि विषय बदलतात. काका काहीच बोलले नाहीत. आत गेले, लांबट आकाराची कापडी पुठ्ठ्याची वही घेऊन आले, पानं उलटली आणि बोट ठेवलं: "आजारी मासा वेगळ्या बादलीत. औषध तिथेच."

बाबा, तुमच्या मीटरच्या वह्या आठवल्या. महिन्याच्या एक तारखेला टॉर्च घेऊन जिन्याखाली जाऊन आकडा लिहून आणायचात आणि बिल आलं की ताडून बघायचात. आम्ही हसायचो. ही वही तशीच आहे, फक्त रोजची, अकरा वर्षांची. तारीख, तापमान, खारटपणा, क्षारता. क्षारतेपुढे बहुतेक ठिकाणी ८, ८, साडेआठ, ८. मधेच एखादी ओळ: "लाइट ४ तास नव्हती. सर्व ठीक." "मादीने अंडी घातली." आठ दिवसांनी त्याच अक्षरात: "रात्री पिल्लं निघाली. सकाळी एकही नाही." प्रवाळाचा कुठला तुकडा कुणाकडून आला तेही आहे, त्यामुळे आई, हे समुद्रातून ओरबाडून आणलेलं नाही. एकाच्या टाकीत वाढलेल्या वसाहतीचा तुकडा कापायचा, दुसऱ्याच्या टाकीत दगडावर चिकटवायचा, असं हे सगळं वाढत आलंय.

क्षारता रोज कशाला बघायची, तर प्रवाळ आपला सांगाडा पाण्यातल्या कॅल्शियम आणि कार्बोनेटमधून बांधतात. ते वाढले की पाण्यातलं हे भांडवल उतरतं, ते रोज भरून काढावं लागतं. एकदम घसरलं तर प्रवाळाची कातडी सांगाड्यावरून सोलून निघते, दोन दिवसांत नुसतं पांढरं हाड उरतं. तपासणी सोपी आहे. छोट्या नळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकत जायचं. पहिल्या थेंबाला पाणी निळं होतं आणि मग एका थेंबाला अचानक पिवळं. आठव्या थेंबाला पिवळं झालं तर क्षारता आठ. काकांचा हात आता कापतो. एकाऐवजी दोन थेंब पडतात आणि किती पडले ते कळत नाही. शेवटच्या काही पानांवर आकड्यांपुढे प्रश्नचिन्हं आहेत. टाकी विकायचं कारण त्यांनी सांगितलं नाही, मी ते तिथे वाचलं.

असो. गळतीबद्दल. तुमचा प्रश्न अगदी रास्त होता, कारण एका कोपऱ्यातला आतला सिलिकॉन नखाने उचलला गेला. काच खरवडताना कधीतरी पातं लागलं असणार. नुसतं त्या जागी ठिगळ लावून भागत नाही, जुन्या सिलिकॉनवर नवा धरत नाही. म्हणून आतली सगळी पट्टी पात्याने काढली, काच पुसून कोरडी केली, नवी भरली आणि आंबट वास पूर्ण जाईपर्यंत हात लावला नाही. मग अंगणात ठेवून साध्या पाण्याने भरली. खालून कडेकडेने कोरडे कागद घातले. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मी ते कागद गालाला लावून बघत होते. तुमचे जावई म्हणाले, लेकराचा ताप बघावा तसं चाललंय. कोरडे निघाले.

स्टँडची लेव्हल मी तुमच्या पद्धतीने काढली. पारदर्शक नळी, तिच्यात पाणी, एक टोक डाव्या कोपऱ्याला, दुसरं उजव्या. मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप "बरोबर" म्हणत होतं. नळीत डावी बाजू चार मिलिमीटर खाली निघाली. नळीचं खरं मानलं.

हलवाहलवीचा दिवस पहाटे सहाला सुरू झाला आणि रात्री दोनला संपला. आधीच्या दिवशीच नवं खारं पाणी कालवून, गरम करून ठेवलं होतं. जुनं पाणी सांभाळायची लोकांना फार हौस असते, पण टाकीचा जीव पाण्यात नसतो, खडकात असतो. त्या सच्छिद्र दगडांवर जे जिवाणू राहतात तेच माशांच्या घाणीतला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. म्हणून दगड ओलेच, झाकून, पिंपांतून आणले. वाळू मात्र सगळी टाकली. वरून पांढरीशुभ्र दिसत होती, पण फावडं खाली गेलं तसा काळा थर निघाला आणि कुजक्या अंड्यांचा असा वास सुटला की काकासुद्धा अंगणात निघून गेले. अकरा वर्षांचा गाळ होता तो. ढवळून माशांच्या पाण्यात मिसळला असता तर आईला मला वेगळं पत्र लिहावं लागलं असतं.

क्लाउनफिशची (समुद्रफुलाच्या आसऱ्याने राहणारे मासे) जोडी ज्या बादलीत होती तिचा बॅटरीवरचा हवेचा पंप वाटेत बंद पडला. मग तुमचे जावई बादलीशेजारी मांडी घालून बसले आणि मगने पाणी उचलून वरून ओतत राहिले. चाळीस मिनिटं. हा काही नवा शोध नाही बरं का. १८४६ साली ॲना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला घरी नेले. तिथे समुद्राचं ताजं पाणी हवं तेव्हा कुठून येणार? म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून तेच पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसायची, रोज अर्धा-पाऊण तास. पाण्यात हवा मिसळली, प्रवाळ जगले. नाव बाईंचं झालं. मी हे जावयांना सांगितलं, त्यांना फारसं आवडलं नाही.

आणि ते समुद्रफूल. ओढलं तर पायाची चकती फाटते आणि मग ते सडतं. शेवटी दगडासकटच आणलं. इकडे आल्यावर दुसऱ्याच दिवशी तो दगड सोडून स्वतःच्या पायाने फूटभर लांब जाऊन बसलं. क्लाउनफिशची जोडी मागोमाग. मोठी आहे ती मादी. आई, गंमत म्हणजे यांच्यात सगळे जन्मतात नर म्हणूनच, सगळ्यांत मोठा पुढे मादी होतो. मादी गेली तर तिचा नवरा मादी होतो. तुझ्या नातवाने हे शाळेत सांगितलं आणि मला बोलावणं आलं.

एक कबुली द्यायची आहे. वीज गेली तर काय होईल हे बघायला मी मुद्दाम मुख्य पंप बंद केला. वर चढवणाऱ्या नळीला एक बारीक भोक असतं. पंप थांबला की त्यातून हवा आत येते आणि पाणी उलटं खाली ओढलं जायचं थांबतं. ते भोक चुन्याच्या थराने बुजलेलं होतं, मी ते तपासलंच नव्हतं. संप भरून वाहिला. वीसेक लिटर पाणी जमिनीवर, आणि आई, तू दिलेली निळी सतरंजी बरोबर खाली. तीनदा धुतली. रंग गेला नाही, पण कड थोडी आखडली आहे. वहीत त्या दिवशीची नोंद मी काकांच्या थाटात लिहिली: "भोक बुजलेले. २० लि. सांडले. चूक माझी."

आता मुद्द्याचं. पुढच्या महिन्यात आम्हा तिघांना नऊ दिवस बाहेर जायचं आहे. तुम्ही दोघं नेहमी म्हणता, तिथे येऊन आम्ही काय करायचं, नुसतं बसायचं? तर नुसतं बसायचं नाही. बाबा, दिवे मंद ठेवलेत, कारण प्रवाळांच्या अंगात राहणारं शेवाळ नव्या दिव्यांखाली एकदम भाजून निघतं. आठवड्याला थोडा थोडा उजेड वाढवते आहे, तुम्ही त्या बटणाला हात लावू नका. बाकी सगळं तुमच्याकडे. सकाळी तापमान बघायचं, थेंब मोजायचे, वहीत लिहायचं. संपच्या काचेवर मी मार्करने रेघ मारली आहे. पाणी रेघेखाली गेलं की फक्त गोडं पाणी घालायचं, शुद्ध केलेलं, शेजारच्या पिंपातलं. खारं अजिबात नाही. वाफ होते ती पाण्याची, मीठ सगळं आतच राहतं. वहीत अजून चाळीसेक पानं कोरी आहेत. दर रविवारी मी त्या आठवड्याच्या पानांचे फोटो काकांना पाठवते. मागच्या वेळी त्यांचं उत्तर आलं, "मंगळवारचं तापमान लिहायचं राहिलं आहे." तुमचं दोघांचं जमेल असं मला वाटतं.

आई, खाणं दिवसातून एकदा, चिमूटभर. जास्त पडलं तर ते कुजून शेवाळ माजतं. तू खुर्चीत बसलीस की सगळे काचेपाशी येतील आणि जन्मात काही मिळालं नसल्यासारखे तुझ्याकडे बघतील. अजिबात विश्वास ठेवू नकोस.

तुमची,
लेक

ता. क. पत्र पाकिटात घालणार तेवढ्यात आरडाओरडा झाला, "कोळंबी मेली." समुद्रफुलाशेजारी आडवी, मिशांसकट. चिमट्याने उचलली तर कागदासारखी हलकी आणि आरपार दिसणारी. नुसती कात होती. नवं कवच कडक होईपर्यंत बाई कपारीत बसून आहेत, आत्ता टॉर्च मारला तेव्हा एक पांढरी मिशी हलताना दिसली.