मार्गरीतच्या खटल्याचे कागद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका कुटुंबाला वाळीत टाकल्याच्या बातमीवर आपण ‘मध्ययुगीन मानसिकता’ असा मथळा दिला होता. बातमी वाचून चीड मलाही आली. पण हा शब्द शिवीसारखा वापरलेला दिसला की मला मार्गरीत पोरेत आठवते.

ही बाई आजच्या उत्तर फ्रान्समधल्या व्हॅलेंसिएनकडची. बेगीन होती, म्हणजे मठाची दीक्षा न घेता देवाधर्मात आयुष्य काढणारी. तिनं लॅटिनमध्ये न लिहिता लोकांच्या फ्रेंचमध्ये ‘साध्या आत्म्यांचा आरसा’ हे पुस्तक लिहिलं. कांब्रेच्या बिशपनं ते व्हॅलेंसिएनमध्ये तिच्या डोळ्यांदेखत जाळलं आणि पुन्हा कुणाला दाखवायचं नाही, अशी ताकीद दिली. तिनं ते लोकांना देणं सोडलं नाही. शालॉनच्या बिशपलासुद्धा पाठवलं. मग पॅरिसला दीड वर्षाची कैद. धर्मन्यायाधीशासमोर तिनं शपथ घेतली नाही, एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. २१ धर्मपंडितांनी पुस्तकातली वाक्यं दोषी ठरवली आणि १ जून १३१० रोजी तिला जिवंत जाळलं.

पुस्तक मात्र उरलं. कुणीकुणी त्याच्या नकला केल्या, लॅटिन, इटालियन, इंग्रजीत भाषांतरं केली. लेखिकेचं नाव तेवढं गळालं. १९२७ मध्ये चर्चच्या परवानगीनं त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली, तीही अज्ञात लेखकाची म्हणून! अखेर १९४६ मध्ये इटलीच्या संशोधक रोमाना ग्वार्निएरी यांनी पुस्तक आणि खटल्याचे कागद शेजारी ठेवून ताडून पाहिले. कागदांत पुस्तकाचं नाव नाही, पण दोषी ठरवलेलं एक वाक्य उतरवलेलं आहे: विलीन झालेला आत्मा सद्गुणांचा निरोप घेतो, त्यांच्या चाकरीत राहत नाही. तेच म्हणणं पुस्तकात सापडलं.

मी ३१ वर्षं न्यायालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. लाल फडक्यात बांधलेले निकाली प्रकरणांचे गठ्ठे, वाळवीची भुकटी, मुदत संपलेल्या कागदांच्या नाशाच्या याद्या. कित्येक प्रकरणांत माणसाचा एक शाईचा अंगठा तेवढा उरलेला असतो. म्हणून ज्या कागदांनी त्या बाईचा जीव घेतला, त्यांनीच साडेसहाशे वर्षांच्या आत तिचं पुस्तक तिला परत दिलं, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ तसाच बसून राहिलो होतो.

तिला जाळणारे मध्ययुगीन होतेच. पण ती स्वतःही मध्ययुगीन होती, आणि जोखीम पत्करून तिचं पुस्तक नकलून ठेवणारेही.

वाळीत टाकण्याविरुद्ध आपल्याकडे २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे. पुढच्या वेळी मथळ्यात सरळ ‘गुन्हा’ लिहावं, ही विनंती. तो आजच्या माणसांनी आज केलेला आहे.

आपला,
एक निवृत्त रेकॉर्ड कीपर, सातारा