दोन पेगने काय होतंय, हे एकदा मोजून टाका

मा. परिवहनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

"दोन पेगने काय होतंय? उलट मी जास्त जपून चालवतो." 31 डिसेंबरच्या नाकाबंदीत पोलिसांनी हे किती वेळा ऐकले असेल! त्यांच्या हातातले यंत्र एवढेच सांगते की 100 मिलिलिटर रक्तामागे दारू 30 मिलिग्रॅमच्या वर आहे की नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ला तेवढे पुरते. 2019 मध्ये दंड दोन हजारांचा दहा हजार झाला, तेही ठीक. पण यंत्र दारू मोजते, ड्रायव्हिंग नाही. त्या गृहस्थांना उत्तर द्यायचे तर प्रयोगच करावा लागेल.

समजा, दहा-दहा ड्रायव्हरांचे तीन गट केले. एक कोरडा, एक 30 मिलिग्रॅमच्या आसपास, एक 60 च्या. सिम्युलेटरवर अचानक म्हैस आडवी आली की ब्रेक दाबायला किती वेळ लागतो, ते मोजले. घोळ इथेच होतो. एसटीत वीस वर्षे काढलेला माणूस थोडी घेऊनही एखाद्या नवशिक्याआधी ब्रेक मारेल. अनालिसिस ऑफ व्हेरियन्स ही रीत गटागटांतला फरक गटाच्या आतल्या फरकाशी ताडून पाहते. इथे ते गुणोत्तर साधारण 3.35 च्या वर गेले, तरच पाच टक्के पातळीवर फरक मानायचा, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढे गुणोत्तर येण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी. माणसामाणसांतली तफावतच मोठी असेल, तर दारूचा परिणाम तिच्यात बुडतो. मग लोक म्हणणारच, बघा, काही होत नाही!

वेगळी माणसे शेजारी ठेवली की काय होते, ते अमेरिकेत दिसले आहे. ब्रेथलायझर बनवणाऱ्या बोर्केन्स्टाइन यांनी 1962-63 मध्ये ग्रँड रॅपिड्स शहरात हजारो चालक तपासले, तर थोडी प्यायलेले चक्क न प्यायलेल्यांपेक्षा सुरक्षित दिसले. पुढे नेहमी पिणारे आणि क्वचित पिणारे वेगळे काढून पाहिल्यावर तो फायदा गायब झाला.

म्हणून तिन्ही वेळा तोच ड्रायव्हर बसवा, वेगवेगळ्या दिवशी, क्रम चिठ्ठ्या टाकून. त्याची तुलना त्याच्याशीच होऊ दे. कोरड्या दिवशीही ग्लासच्या काठाला दारू पुसलेली हवी, नाहीतर वास नाही म्हणताच तो ओळखेल. आणि याच तिन्ही फेऱ्या पुन्हा एकदा, रात्रभर जागवून. दारू आणि जागरण एकत्र आले की परिणामांची नुसती बेरीज होते की त्याहून जास्त काही, हे त्यातून कळेल. रात्री ट्रक हाकणाऱ्यांचा विचार केला तर मला हाच प्रश्न सर्वांत मोठा वाटतो.

मागे एका कार्यालयात मी नाकाबंदीची माहिती मागितली होती. हाती आला फक्त केसेसचा आकडा. एकूण किती जणांना थांबवले, हेसुद्धा त्यात नव्हते. त्या आकड्याचे करायचे काय?

भोसरीला सीआयआरटी ही रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था आहे, विद्यापीठांत संख्याशास्त्राचे विभाग आहेत. डॉक्टर हजर हवेत, नैतिकता समितीची मंजुरी हवी, आणि प्रत्येकाला घरी सोडायला गाडी. दारूच्या बिलावर ऑडिटवाले आक्षेप घेतील अशी धास्ती असेल, तर तेवढे बिल मी भरतो.

आपला,
संख्याशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, पुणे