चिंगी, राजा आणि तुझ्या गॅलरीतल्या कुंड्या

शहापूर, बेळगाव
श्रावणातला शनिवार

प्रिय सुजे,

वास्तुशांतीचे फोटो बघितले. घर झकास झालंय. फुलदाणीतली लिली तू फोनवर सांगितल्याबरोबर बाहेर टाकलीस ते बरं केलंस, पण "एवढं काय गे त्यात?" असं म्हणालीस आणि मागून काकूंचा आवाज आला, "आमच्या गावात मांजरं काय कमी होती? एकही झाड खाऊन मेलं नाही." तेव्हा फोनवर वाद नको म्हटलं. आता चिंगी मांजर आणि राजा कुत्रा यांना कुठली झाडं बाधतात ते निवांत लिहिते. काकूंनाही वाचून दाखव.

आधी लिलीचं. फुलवाले गुच्छात घालतात ती मोठी, गोड वासाची, मधे तपकिरी परागांचे दांडे असलेली लिली मांजराची मूत्रपिंडं निकामी करते. पान, पाकळी, पराग, इतकंच काय, फुलदाणीतलं पाणीसुद्धा. चिंगीनं फूल खायलाच पाहिजे असं नाही. घासून गेली, अंगाला पराग लागले आणि तिनं अंग चाटलं, तरी पुरे. पहिल्या काही तासांत उलट्या होतात, मग मांजर जरा सावरल्यासारखं वाटतं आणि माणसं निर्धास्त होतात. आत मात्र मूत्रपिंडं बिघडत असतात. 18 तासांच्या आत सलाईन सुरू झालं तर बहुतेक वेळा वाचतं, नंतर फार अवघड. बागेतल्या केशरी डे लिलीचंही हेच. कुत्र्याला यानं असं होत नाही, फार तर पोट बिघडतं. म्हणून राजाच्या वेळी ही गोष्ट कधी तुझ्या कानावर आली नसणार. तुझ्या कोपऱ्यातली पीस लिली मात्र वेगळी, तिनं मूत्रपिंडाला काही होत नाही.

ती मनी प्लांटच्या गोत्रातली. मनी प्लांट, डिफनबेकिया, अ‍ॅग्लोनिमा, सिंगोनियम ही सगळी अळूची भावंडं. काकूंना अळू सांगायला नको. चिंच न घालता केलेल्या फतफत्यानं घसा कसा खाजतो ते त्यांना ठाऊक आहे. पानात कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक सुया असतात, चावलं की त्या तोंडात रुततात. आमच्या समोरच्या घरातल्या बोक्यानं डिफनबेकियाचं पान चावलं होतं. जिभेचं टोक बाहेर, तोंडातून लाळेची तार थेट फरशीपर्यंत, आणि पुढचा पंजा सारखा गालावर घासत होता. बघवत नव्हतं. पण तोंड ओल्या फडक्यानं पुसलं, चमचाभर दही चाटवलं आणि संध्याकाळपर्यंत तो पुन्हा त्यांच्या ओट्यावर चढला. घसा सुजून श्वासाला त्रास झाला तर मात्र डॉक्टरच. एरवी या झाडांनी जीव सहसा जात नाही, म्हणून ती टाकून देऊ नकोस, फक्त जागा बदल. आणि वर टांगल्यानं भागेल असं समजू नकोस. राजापुरतं ते ठीक, पण मनी प्लांटची लोंबती वेल म्हणजे चिंगीला खेळणंच.

मला खरी भीती वाटते ती फाटकाजवळच्या झाडाची. फोटोत अर्धंच दिसतंय, पण मला तो सायकस वाटतो. आमच्या टिळकवाडीतल्या निम्म्या बंगल्यांच्या दारात तो आहे. नर्सरीवाले त्याला पामच म्हणतात, आणि जनावरांचं विचारलं की "एनू आगंगिल्री" (काही होत नाही हो) म्हणून पुढचं गिऱ्हाईक बघतात. तो पाम नव्हेच. त्याचं पान, खोड, मूळ सगळं विषारी, बिया सर्वात जास्त. एक-दोन बिया कुत्र्याचा जीव घ्यायला पुरतात. आधी उलट्या, मग एक-दोन दिवसांनी यकृत बसतं आणि डोळे पिवळे पडतात. राजा म्हातारा झाला तरी काहीही कुरतडतो, तेव्हा हे झाड ठेवूच नकोस. कुणाला द्यायचं तर ज्यांच्या घरी कुत्रं-मांजर नाही त्यांना दे.

कण्हेर आणि बिट्टी हृदयावर जातात, पानफुटीही त्यातलीच. ज्या बाटलीत कण्हेरीच्या फांद्या ठेवतेस तिच्यातलं पाणीही वाईट. कोरफड आणि स्नेक प्लांटनं उलट्या-जुलाब होतात, त्यासाठी झोप उडवून घ्यायचं कारण नाही. नाताळात कॅम्पात दिसणाऱ्या लाल पानांच्या पॉइनसेटियाचा तर उगाचच बोभाटा आहे. त्याच्या चिकानं तोंड चुरचुरतं, बाकी काही नाही.

काकूंच्या मुद्द्यात तथ्य आहे हं. मोकळं जनावर कडू पाल्याला सहसा तोंड लावत नाही. खानापूरकडं गुरं कण्हेरीच्या कुंपणाजवळ चरतात आणि ती सोडून बाकी सगळं खातात. पण तोच पाला वाळून वैरणीत मिसळला की खातात आणि मरतात, हेही तिकडच्या लोकांना ठाऊक आहे. शिवाय गावातलं मांजर कुठं मेलं, कशानं मेलं, हे बघायला कोण गेलं होतं? चार दिवस दिसलं नाही की "गेलं कुठंतरी" म्हणायचं आणि विषय संपला. चिंगी दिवसभर बंद घरात आहे, कंटाळली की समोर असेल ते चावणार.

आणि आता गणपती येतोय. पत्रीची टोपली तुम्ही नेहमी जमिनीवर ठेवता. तीत धोत्रा असतो, रुई असते, कण्हेर असते, आणि गौरीसाठी कुणी कळलावीची फुलं आणली तर तीही. कळलावीचा कंद तर फारच जहाल. पूजा करू नका असं कोण म्हणतंय? टोपली फळीवर ठेवा आणि निर्माल्य लगेच झाकणाच्या डब्यात टाका, एवढंच.

एक गोष्ट मात्र कुठल्याच यादीत पटकन सापडत नाही: खत. गुलाबाच्या कुंडीत एरंडी पेंड घालतेस ना? एरंडाच्या बीमधलं विष पेंडीतही राहू शकतं. त्यात हाडांचा चुरा मिसळलेला असला की कुत्र्याला तो वास आवरत नाही. आमच्या गल्लीतल्या एका लॅब्रॅडॉरनं नवी भरलेली कुंडी उकरून पेंड खाल्ली, रक्ताचे जुलाब झाले, सलाईनवर ठेवावा लागला. वाचला, पण मालकाला शेवटपर्यंत वाटत होतं की गुलाबाचाच काटा लागला. तू शेणखत किंवा गांडूळखत घाल आणि पोतं कपाटात ठेव.

कधी काही खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून ओकवायला जाऊ नकोस. मीठच अंगावर उलटतं, आणि मांजराला तर घरी ओकवायचंच नाही. तोंडातला पाला काढ, अंगावर पराग असतील तर ओल्या फडक्यानं पुसून घे, झाडाची फांदी पिशवीत घाल आणि निघ. फांदी बघितल्यावर डॉक्टरांचा निम्मा वेळ वाचतो. तुमच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात दिवसा कोणीतरी भेटेल. रात्रीसाठी कोल्हापुरातल्या एखाद्या डॉक्टरचा नंबर आत्ताच घेऊन ठेव, निपाणीहून तेच जवळ, चाळीसेक किलोमीटर. बेळगावला यायचं म्हणजे जवळजवळ दुप्पट.

चिंगीला चावायला एखाद्या पसरट डब्यात गहू पेर. ज्वारी पेरू नकोस. कोवळ्या ज्वारीनं गुरांना किराळ लागतं, म्हणजे विषबाधा होते, ते काकू सांगतील. माझ्याकडं अरेका पामची फुटवी आहेत, स्पायडर प्लांट तर कुंडीबाहेर लोंबतोय, आणि मोगऱ्याच्या कलमाला मुळं फुटलीत. तिन्हींनी दोघांनाही काही होत नाही. भाऊजी पुढच्या आठवड्यात बेळगावला येणार आहेत म्हणालीस, त्यांच्याबरोबर देते. गाडीत पाय ठेवायला जागा ठेवायला सांग, अरेका उंच झालाय.

फाटकाजवळच्या झाडाचा जवळून एक फोटो पाठव, बुंध्यासकट.

तुझी
वैजू