सुध्यास, शेजारच्या ज्वालामुखींबद्दल

प्रिय सुध्या,

किती महिने पत्र नाही, रागावला असशील. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच. आज लिहायला बसलो कारण शेजारशेजारचे ज्वालामुखी आतून जोडलेले असतात की नाही, हे आपलं जुनं भांडण पुन्हा उकरून निघालंय, आणि ते दुसऱ्या कुणापाशी बोलून उपयोग नाही.

जपानच्या किरिशिमा या ज्वालामुखींच्या समूहाबद्दल वाचत होतो. तिथला शिनमोएदाके २०११ साली उफाळला. त्याच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर आयरा कॅल्डेरा, म्हणजे जमीन खचून झालेला ज्वालामुखीचा प्रचंड खड्डा, साकुराजिमा ज्वालामुखी ज्यात आहे तो. आयराची जमीन खाली मॅग्मा भरत असल्यामुळे वर्षानुवर्षं फुगत होती. शिनमोएदाकेच्या उद्रेकाच्या सुमारास ती फुगायची थांबली, थोडी खाली बसली, आणि नंतर पुन्हा फुगू लागली. जीपीएसने पकडलंय हे!

तू लगेच म्हणशील, "दोन डोंगर एका दिवशी शिंकले म्हणून सर्दी एकच नसते." हवाईचा मौना लोआ २०२२ मध्ये ३८ वर्षांनी जागा झाला तेव्हा शेजारचा किलाउएआही धगधगत होता, आणि त्या रात्री तू फोनवर हेच ऐकवलंस. दोघांच्या लाव्हाची रसायनं वेगळी, म्हणजे खालची कोठारं वेगळी, हा तुझा हुकमी एक्का. कोठारं वेगळी हे मला तेव्हाही मान्य होतं. पण मॅग्मा इकडून तिकडे न जाताही खोलवरच्या अर्धवट वितळलेल्या खडकातून दाब पोचू शकतो, हे तू ऐकूनच घेत नव्हतास. आणि अलास्कात तर मॅग्माच गेला की! १९१२ मध्ये फुटला नोवारुप्ता आणि माथा खचला दहा किलोमीटरवरच्या कॅटमाईचा. पुढे कित्येक वर्षं लोक उद्रेक कॅटमाईचाच समजत होते.

पण आता भांडण जिंकण्यात जीव नाही. आयराच्या त्या थांबण्याने झोप उडवलीय. शेजारी फुटला की दुसराही फुटेल, एवढीच भीती आपण आजवर धरली. आइसलँडचा एयाफ्यात्लायोकुत्ल २०१० मध्ये फुटला तेव्हा सगळ्यांचे डोळे शेजारच्या कात्लाकडे लागले, कारण त्याच्या १८२१-२३च्या उद्रेकामागोमाग कात्लाही फुटला होता. या वेळी तसा मोठा उद्रेक झाला नाही. अशा दोन-चार उदाहरणांवरून इशारे देत बसलो तर पायथ्याची माणसं खऱ्या इशाऱ्यालाही हलणार नाहीत.

आणि उलट बाजू याहून वाईट. आयरा एकटाच पाहणाऱ्याला तो आलेख दिसला असता तर त्याने काय लिहिलं असतं? "फुगवटा थांबला, धोका कमी." सुध्या, समोर कागोशिमासारखं शहर आहे, आणि हाच साकुराजिमा १९१४ मध्ये केवढा फुटला होता! डोंगराचं गप्प होणं त्याचं स्वतःचं की शेजाऱ्यामुळे, हे एका डोंगराच्या आलेखावरून कळणारच नाही. दोघांच्या नोंदी एकाच टेबलावर हव्यात. उद्रेकाची वेळ त्यातूनही सांगता येणार नाही, पण खोटा दिलासा तरी टळेल.

तुझ्या बदलीचं कळलं, बरं झालं. धाकटीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार.

हवाईच्या नोंदींची तुझी जाडी वही पाठव. आणि टाळाटाळ न करता एवढं लिही: आयरा थांबला त्या काळात तू तिथे असतास, तर लोकांना काय सांगितलं असतंस?

तुझा,
अव्या