सूचना : मिरगाआधी आवारातली गटारं मोकळी करा

सर्व सभासदांस,

मिरग 7-8 जूनला निघतो, पण आपल्याकडे वळीव त्याची वाट बघत नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, दोन्ही औद्योगिक वसाहतींतल्या फौंड्री आणि मशीनशॉपवाल्यांनी या आठवड्यातच आवारात एक फेरी मारावी.

पहिल्या सरीचं पाणी सगळ्यात घाण असतं. उन्हाळाभर साठलेली जळकी वाळू, कोळशाची भुकटी, सांडलेलं कूलंट (मशीन थंड ठेवायचं तेलपाणी) पहिल्या अर्ध्या तासात धुऊन निघतं. पावसाळी गटाराला शुद्धीकरण नसतं. ते पाणी ओढ्यातून थेट पंचगंगेत जातं. मागच्या वर्षी आमच्याच शेडमागे बरीचा (मशीनवर निघणाऱ्या धातूच्या किसाचा) ढीग उघडा राहिला होता. सर येऊन गेल्यावर गटारावर इंद्रधनुष्यासारखा तवंग! चूक आमचीच.

तेव्हा बर आणि वाळू छपराखाली घ्या, निदान ताडपत्री टाकून कडेला विटा लावा. तेलाचे ड्रम आडवे नकोत, खाली ट्रे हवा. तेल सांडलं तर पाणी मारू नका, लाकडाचा भुसा टाका आणि तो भुसा घातक कचऱ्यात द्या. प्रोसेसचं सांडपाणी पावसाळी गटाराला जोडलेलं असेल तर आजच तोडा, 1974 च्या जल कायद्यात ते बसत नाही.

गटारातला काढलेला गाळ काठावर ठेवू नये. दर वर्षी कोणीतरी ठेवतं आणि पुढच्या सरीत तो परत आत जातो.

काम झाल्यावर गटाराचा फोटो ग्रुपवर टाकावा.

— सचिव